कडू चहा, बुरशी लागलेली पाती आणि सासूबाईंचा ज्येष्ठमध

प्रश्न: मी घणसोलीला राहते, वय 49. दिवसाला चार कप दुधाचा चहा व्हायचा, प्रत्येकात दोन चमचे साखर. ॲसिडिटी वाढली म्हणून गणपतीनंतर तो एकदम बंद केला आणि घरीच हर्बल चहा सुरू केला. तुळस, पुदिना, गवती चहा, आलं, दालचिनी पावडर, लवंग, मिरी, ज्येष्ठमध असं सगळं पातेल्यात घालून पंधरा मिनिटं उकळते. रंग काळपट येतो, चव कडू लागते आणि तळाशी बुळबुळीत गाळ बसतो. पहिला आठवडाभर डोकं दुखत होतं. ॲसिडिटी होती तशीच आहे. सासूबाईंना (वय 74, बीपीच्या गोळ्या चालू) मात्र ज्येष्ठमधाचा चहा फार आवडतो. साखर न घालता गोड लागतो, म्हणून त्या रोज दोनदा घेतात. मिस्टर म्हणतात त्यात गुळवेलही घाल. ऑगस्टमध्ये बाल्कनीत गवती चहा वाळवून बरणीत भरला होता, त्याला बुरशी आली. माझं नेमकं काय चुकतंय? आणि वजन उतरायला याचा उपयोग होतो का?

उत्तर: ताई, चवीचं नंतर बघू. सासूबाईंचा ज्येष्ठमध मात्र आजपासून थांबवा.

ज्येष्ठमधाला गोडवा देणारा ग्लिसरायझिन हा घटकच रक्तदाब वाढवतो. त्याच्यामुळे मूत्रपिंडं शरीरात मीठ आणि पाणी अडवून धरतात आणि पोटॅशियम बाहेर टाकतात. बीपीच्या गोळ्यांमध्ये बरेचदा लघवी वाढवणारं औषध असतं, त्यानेही पोटॅशियम कमी होतं. दोन्ही एकत्र आले की गोळी चालू असूनही बीपी चढं राहतं, घोट्यांवर सूज येते, पायात गोळे येतात, अशक्तपणा वाटतो आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. एक-दोन दिवस घसा बसला म्हणून कांडी चघळणं वेगळं आणि महिनोन्‌महिने रोज दोन कप पिणं वेगळं. शिवाय एका कांडीत हा घटक किती आहे ते घरी मोजता येत नाही, त्यामुळे 'इतका इंच चालेल' असं माप मी देणार नाही. या आठवड्यात त्यांचं बीपी मोजून घ्या. डॉक्टरांना ज्येष्ठमध किती दिवस चालू होता ते स्पष्ट सांगा आणि पोटॅशियमची तपासणी करायची का ते विचारा. गोळ्या मनाने कमी-जास्त करू नका.

त्यांना गोडच हवं असेल तर बडीशेप आहे. एक चहाचा चमचा बडीशेप खलबत्त्यात नुसती भरडायची, कपभर उकळतं पाणी ओतायचं, वर ताटली ठेवून दहा मिनिटं थांबायचं. साखर न घालता छान गोडसर लागतो. बडीशेप अख्खी टाकली तर तेल आतच राहतं आणि मिळतं फक्त पिवळसर कोमट पाणी. आधीच कुटून डबा भरून ठेवली तर महिन्याभरात वास उडतो. म्हणून भरडायची ती त्या-त्या वेळी.

आता कडवटपणा. तुमच्या पातेल्यात पान, साल, मूळ, बी आणि कळी असे पाच वेगवेगळ्या स्वभावांचे भाग एकाच वेळी पडतात आणि एकच वेळ उकळतात. दालचिनीच्या सालीला आणि आल्याला आतला स्वाद सोडायला वेळ आणि आच दोन्ही लागतात. तुळस-पुदिन्याचा सुगंध उडनशील तेलांत असतो. त्यांना उकळलं की ती वाफेबरोबर निघून जातात आणि पातेल्यात उरतात तुरट-कडू द्रव्यं. स्वयंपाकघरभर घमघमाट सुटला म्हणजे चहा चांगला होतोय असं वाटतं खरं, पण तो वास कपातून गेलेला असतो. आयुर्वेदानेही हे वेगळं ठेवलंय. कठीण द्रव्यांचा काढा पाणी आटवून करतात. नाजूक, सुगंधी द्रव्यांवर गरम पाणी ओतून, झाकून, गाळून घेतात, त्याला फांट म्हणतात. रोजचा प्यायचा चहा या फांटाच्या जवळचा असायला हवा. आटवलेला काढा औषधासारखा थोडक्या मापात घ्यायचा असतो.

म्हणून क्रम बदला, वेळ तुमची तेवढीच जाईल. दोन कप चहासाठी साधारण 400 मिली पाणी घ्या. गार पाण्यातच दोन सेंटिमीटर आलं ठेचून आणि एक इंच दालचिनीचा तुकडा घाला. उकळी फुटली की आच मंद करा, झाकण ठेवून सहा-सात मिनिटं जाऊ द्या. मग गवती चहाची चार पाती कात्रीने इंच-इंचभर कापून घाला. हे पान असलं तरी चिवट आहे, त्याला तीन मिनिटांची मंद उकळी मानवते, फक्त झाकण काढायचं नाही. गॅस बंद करा. आता आठ-दहा तुळशीची पानं हाताने तोडून घाला, परत झाकण, पाच मिनिटं. गाळा. झाकण उघडताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब पातेल्यातच पडू द्या, सुगंध त्यातही असतो.

आलं किसू नका. किसल्याने पिष्ट सुटतं, चहा गढूळ होतो आणि घशाशी खवखवतं. सालासकट स्वच्छ धुऊन ठेचलं की पुरे. सुंठ वापरायची तर दोन कपांना पाव चमचाच. आलं वाळताना त्यातलं तिखट द्रव्य बदलून आणखी झणझणीत होतं, म्हणून ताज्या आल्याच्या अंदाजाने सुंठ घातली की घसा जळतो.

तळाशी बुळबुळीत गाळ बसतो तो दालचिनी पावडरचा. ती पाण्यात फुगते आणि गाळणीतूनही निसटते. तुकडाच घ्या. तुकडा घेताना नीट बघा. वाण्याकडे स्वस्तात मिळते ती बहुतेक वेळा कॅसिया असते: जाड, कडक, गडद तपकिरी, एकाच सालीची वळलेली पन्हळ. खरी दालचिनी फिकट असते, कागदासारख्या पातळ सालींचे थर एकात एक गुंडाळलेले असतात आणि ती बोटांनी चुरता येते. कॅसियात कूमरिन जास्त असतं, ते रोज मोठ्या प्रमाणात पोटात गेलं तर यकृताला त्रास देऊ शकतं. आमटी-पुलावातल्या तुकड्याची काळजी नको, पण रोज दोनदा चहा होणार असेल तर पातळ सालीचीच घ्या. तुर्भ्याच्या एपीएमसी मसाला मार्केटमध्ये दोन्ही प्रकार मिळतात. घणसोलीहून ते जवळ आहे म्हणून किलोवारी आणायचा मोह होतो, तो टाळा. 50 ग्रॅम दालचिनी घरात बरेच दिवस पुरते आणि स्वस्तात आणलेला किलोभर माल वास गेल्यावर महागच पडतो.

एका कपात तीन, फार तर चार गोष्टी. आठ पदार्थ घातले की जीभ त्यातला एकही ओळखत नाही, त्रास झाला तर कशाने झाला तेही कळत नाही. तुमच्या ॲसिडिटीचं नेमकं हेच झालंय. पुदिना पचनाला चांगला असं आपण सगळे ऐकत आलो, पण अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप त्याने सैल पडू शकते. ज्यांना आंबट पाणी वर येतं, छातीत जळजळतं, त्यांना तो बरेचदा बाधतो. त्यात मिरी, लवंग आणि भरपूर आलं, तेही उपाशीपोटी. पंधरा दिवस पुदिना, मिरी, लवंग पूर्ण बंद ठेवा, आलं निम्मं करा. नंतर एकेक करून परत आणा, म्हणजे कोणतं सोसत नाही ते समजेल. तोवर तुमच्यासाठी धणे, जिरे, बडीशेप: तिन्ही अर्धा-अर्धा चमचा भरडून, 400 मिली पाण्यात, झाकून पाच मिनिटं मंद उकळा आणि तसंच पाच मिनिटं मुरू द्या. जेवणानंतर तासाभराने कोमट घ्या. पंधरा दिवसांनीही जळजळ तशीच असेल तर डॉक्टरांना दाखवा. गिळताना अडकत असेल, शौचाला काळं होत असेल किंवा काही न करता वजन उतरत असेल तर पंधरा दिवसही थांबू नका.

डोकेदुखी हर्बल चहाची नव्हती. ती चहापत्ती एकदम सोडल्याची होती. रोजचं कॅफीन अचानक बंद झालं की 12 ते 24 तासांत डोकं धरतं, चिडचिड होते, झोप येते, आणि हे साधारण दोन ते नऊ दिवस चालतं. तुमचं ते आता ओसरलंय, त्यामुळे परत चहापत्तीकडे वळण्याची गरज नाही. पण घरात आणखी कोणी सोडणार असेल तर त्यांना टप्प्याटप्प्याने सोडायला सांगा. आधी दुपारी चारचा कप बदलायचा, चार-पाच दिवसांनी संध्याकाळचा, आणि सकाळच्या कपात पत्ती निम्मी. एक गोष्ट मात्र बघा: दुकानातल्या 'हर्बल' पाकिटावर घटकांची यादी वाचा. त्यात ग्रीन टी असेल तर कॅफीन आलंच, कारण ग्रीन टी ही चहाच्याच झाडाची पानं.

वजनाबद्दल सरळ सांगते. कोणत्याही पानाच्या पाण्याने चरबी वितळत नाही. तुमचा खरा फायदा साखरेत आहे. चार कपांत आठ चमचे म्हणजे जवळपास 32 ग्रॅम साखर रोज जात होती. दिवसभरातली वरून घातलेली साखर शक्यतो 25 ग्रॅमच्या आत ठेवावी असं जागतिक आरोग्य संघटनेचं म्हणणं आहे, आणि तुमची एकट्या चहातूनच त्यापुढे जात होती. ती थांबली हे मोठं काम झालंय. फक्त आता त्या जागी मध किंवा गूळ आणू नका, शरीराच्या हिशेबात तीही साखरच. दालचिनीने मधुमेह बरा होतो, तुळशीने बीपीची गोळी सुटते, असले निरोप मोबाईलवर आले तर ते तिथेच सोडून द्या.

हळदीचंही बरेच जण विचारतात म्हणून इथेच लिहिते. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्याला स्निग्ध पदार्थ लागतो. हळदीचा पाण्यातला चहा रंगाला छान, पण हळद घ्यायचीच असेल तर आपलं दूध-हळदच बरं, वर चिमूटभर मिरपूड.

गुळवेलीला या पातेल्यात जागा देऊ नका. ते औषध आहे, रोजच्या चवीची वस्तू नाही. 2021 मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला की रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती का हे तपासलेलं नाही, तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. वाद बाजूला ठेवला तरी आपल्यासाठी दोन्ही बाजूंतून एकच गोष्ट निघते: ओळख पटल्याशिवाय आणि वैद्यांनी माप व मुदत ठरवून दिल्याशिवाय घ्यायची नाही. यकृताचा किंवा स्वयंप्रतिकारक आजार (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो) असेल तर मुळीच नाही. सुट्टीच्या दिवशी येऊरहून वेल किंवा अडुळसा तोडून आणण्याचा बेत असेल तर तोही सोडा. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतो, तिथून काहीही तोडायला मनाई आहे.

आता बुरशी. ऑगस्टमध्ये आपल्याकडे बाल्कनीत गवती चहा वाळूच शकत नाही. खाडीकाठची हवा आधीच दमट, त्यात पाऊस. पात वरून कोरडी वाटते, पण मधल्या जाड शिरेत ओल राहते, आणि बरणीचं झाकण लागलं की ती ओल सगळीकडे पसरते. बुरशी आलेली बरणी पूर्ण टाकून द्या. वरचा थर काढून, ऊन दाखवून ती परत वापरता येत नाही, कारण बुरशीने सोडलेली विषारी द्रव्यं उन्हाने जात नाहीत.

वाळवण करायचं तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पात धुऊन सुती फडक्यावर पूर्ण निथळू द्या, मग सेंटिमीटरभर तुकडे करा. अख्खी पात आतून वाळत नाही. थेट उन्हात ठेवू नका, हिरवा रंग आणि वास दोन्ही जातात. घरात पंख्याखाली, पसरट ताटात किंवा सुपात एकाच थरात पसरा आणि रोज एकदा हलवा. बाल्कनी मी सुचवत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या बाजूला धूळ बसते, आणि कबुतरांचा उपद्रव तर ऐरोलीपासून घोडबंदरपर्यंत सगळ्यांनाच आहे. त्यांची पिसं आणि विष्ठा वाळवणात नको. बाल्कनीशिवाय इलाजच नसेल तर वर मलमलचं फडकं ताणून बांधा. पाच-सहा दिवसांनी तुकडा वाकवून बघा. वाकला तर अजून ओला आहे, कट्‌कन मोडला तर झाला. बरणीत भरल्यावरही तीन दिवस काचेवर लक्ष ठेवा. आत पुसट धुकं किंवा थेंब दिसले तर लगेच सगळं बाहेर काढून परत पसरा. बरणी ओट्यावर गॅसशेजारी ठेवू नका, वाफ आणि उष्णतेने वर्षभराचा माल तीन महिन्यांत गवतासारखा होतो. वाळलेली पानं ताज्याच्या एक तृतीयांश मापाने घ्यायची.

पावसाळ्यात वाळवायच्या भानगडीत न पडता गोठवा. गवती चहा आणि आलं बारीक करून, थोड्या पाण्याबरोबर बर्फाच्या साच्यात. एक खडा म्हणजे एक कप. तुळस मात्र ताजीच बरी, गोठवली की काळी पडते.

गवती चहा कुंडीतही सहज येतो. बारा इंची कुंडी, पाण्याचा निचरा होणारी माती आणि पाच-सहा तास ऊन. ओळखीच्या कुणाकडून मुळासकट एक फुटवा आणला की पुरे. कापताना तळाशी चार बोटं ठेवून कापा, वरच्यावर तोडू नका. पातीच्या कडा बोट कापतात, कात्री वापरा. कुंडीवर कीटकनाशक मारलंत तर किमान त्याच्या डब्यावर लिहिलेली मुदत पाळा, तोवर तोडायचं नाही. याच कारणाने पूजेसाठी विकत आणलेली जास्वंद किंवा गोकर्ण चहात घालू नका. ती फुलं खाण्यासाठी पिकवलेली नसतात. दारातल्या कुंडीतली असतील तर गोकर्णाची पाच-सहा फुलं हिरवा देठ काढून गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवा, निळाशार रंग येतो आणि लिंबाचे चार थेंब पडले की जांभळा होतो. चव मात्र जवळजवळ नसते, म्हणून सोबत गवती चहा हवा. जास्वंद उकळली की बुळबुळीत होते, तिच्यावर फक्त गरम पाणी ओतायचं.

लिंबू, कोकम असं काही आंबट असेल तेव्हा जर्मनचं पातेलं नको. आंबटाने ॲल्युमिनियम उतरतं, चवही धातूची लागते. स्टील किंवा काच घ्या. कल्हई गेलेलं पितळ-तांबं तर नकोच. आणि पाणी पिण्याच्याच नळाचं. सोसायटीत टँकर किंवा बोअरचं पाणी चालू असेल त्या दिवशी खारट-जड चव येते आणि आपण पानांना दोष देत बसतो.

घरात कोणी थायरॉईडची गोळी घेत असेल तर ती साध्या पाण्याबरोबर घ्यायची आणि निदान अर्धा तास, जमलं तर तासभर कोणताही चहा नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल किंवा कोणी गरोदर असेल तर आलं-तुळस रोज सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारायचं. हिमोग्लोबिन कमी असेल तर जेवणाच्या अलीकडे-पलीकडे तासभर चहा टाळायचा, हर्बलसुद्धा. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही द्यायचं नाही.

थर्मास भरून ठेवायचा असेल तर चहा आधी पूर्ण गाळा. पानं आत राहिली की तासाभरात तोच कडवटपणा परत येतो. थर्मासमधला संध्याकाळपर्यंत संपवा. जास्त झालेला गार करून फ्रिजमध्ये झाकून ठेवला तर दुसऱ्या दिवसापर्यंत चालतो. परत उकळू नका, वाटल्यास नुसता कोमट करा, नाहीतर गारच प्या, बडीशेपेचा तर गारही चांगला लागतो.